कोरा आला म्हणजे ठीक

या, असे जवळ या. मागच्या सतरंजीवर बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही. मी काही कीर्तनकार नव्हे, मी ऐकणारी. बायकांच्या बाजूला समईच्या उजेडात बसून, मांडीवर हाताने ताल धरून पन्नास वर्षं ऐकलं, तेवढीच माझी विद्या. पण इतकं ऐकल्यावर एखादं आख्यान आपल्याही पदरात पडतं. माझ्या पदरात पडलेलं हे आख्यान आमच्या ऑफिसातल्या फॅक्सचं आहे. हसू नका. त्यात समुद्र आहे, वारा आहे, एक खराखुरा भक्त आहे, आणि एक गोष्ट लपवून ठेवायला निघालेली एक बाई आहे. ती बाई मीच. सगळं सांगते, काही गाळत नाही.

त्या मंगळवारी अकराचा चहा टेबलावर आला आणि मुंबईहून मेल आला. शुक्रवारी संध्याकाळी फॅक्सचा सर्व्हर कायमचा बंद होणार. ज्या शाखांना जुने फॅक्स जपायचे असतील त्यांनी तोवर उतरवून घ्यावेत, नंतर पेटी पुसली जाईल. तीन ओळी आणि खाली हेतलचं नाव. हेतल मुख्य ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळते. मी तिला फोन लावला. "अगं, सगळेच पुसणार?" "पद्माबेन, कोण बघतंय ते? पंधरा वर्षांचा कचरा छे," ती म्हणाली, आणि मग हसून, "तुम्ही पण मार्चमध्ये रिटायर ना? साथे साथे." मीही हसले. फोन ठेवला आणि लक्षात आलं की माझा हात टेबलाच्या उजव्या कोपऱ्यापलीकडे फिरतोय, जिथे आता काहीच नाही. तिथे एका स्टुलावर आमचं जुनं फॅक्स मशीन असे. त्यावर मी विणलेलं निळं झाकण असे, आणि पावसाळ्यात खाऱ्या हवेने त्याची बटणं चिकट होत, की त्यांना मी स्पिरिटचा बोळा फिरवत असे. मशीन जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि हाताला अजून त्याची जागा माहीत.

आमची कंपनी मालाच्या बार्ज चालवते. रेवसला माल चढतो, आगरदांड्याला उतरतो, आणि मधे अलिबागला आमचं ऑफिस. रोज सकाळी आठला आगरदांड्याच्या धक्क्यावरच्या केबिनमधून फॅक्स यायचा: वारा कसा, पाणी कसं, धक्का मोकळा आहे का. तो आला की मी रेवसला 'सोडा' म्हणून कळवायची आणि मग बार्ज सुटायची. फोनवर बोललेलं साहेबांना चालत नसे. एकदा कोण काय बोललं यावरून मोठं भांडण झालं होतं, तेव्हापासून जे काय ते कागदावर. मोबाइल त्या खाडीत तेव्हा लागतच नव्हता. आणि केबिनमधला माणूस फॅक्स सरकवला की लगेच धक्क्याच्या टोकाला दोर घेऊन जाई, तो बार्ज लागेपर्यंत तिकडेच. त्या माणसाचं नाव सदू. मी त्याला सदूभाऊ म्हणायची, तो मला बाई.

सदूभाऊ दुसरीपर्यंत शिकलेला. अक्षर म्हणजे वाळूवर खेकडा चालावा तसं. सुरुवातीला तो रोज घाम गाळून 'सर्व ठीक' लिही, गोणींवर नंबर टाकायच्या निळ्या जाड मार्करने, कारण पेन त्याच्या बोटांत राहत नसे. मग एका सकाळी मशीन नेहमीसारखं किणकिणलं, कुरकुरलं, रोल फिरला आणि कागद आला तो पांढराफटक. वर तारीख, वेळ, नंबर, खाली शून्य. मी घाबरून फोन फिरवला. नशिबाने तो केबिनमध्येच होता. "बाई, लिवायला कायच न्हाय तर काय लिवू? वारा गप, पानी गप. कोरा आला म्हंजे ठीक असं समजा की." साहेब शेजारी उभे होते, त्यांनी ऐकलं आणि पोट धरून हसले. "पटतंय हो त्याचं," म्हणाले. तेव्हापासून आमचा रिवाजच पडला. कोरा आला म्हणजे ठीक. मी ते कोरे कागद कापून ठेवायची आणि त्यांच्या मागे कीर्तनात ऐकलेलं टिपायची: कुठल्या बुवांनी कुठला दृष्टांत दिला, कुठे हसवलं, कुठे रडवलं. त्या रोलचा कागद मोठा नाजूक, नखाने ओरखडलं तरी काळी रेघ उठे, आणि वर्षभरात सगळं फिकं होऊन जाई. माझी कीर्तनं अशी फिकी होत गेली. आजही कपाटात एक जुडगा आहे. त्यावर काय होतं ते आता फक्त मला माहीत.

सदूभाऊ टाळकरी होता, माळकरी होता. महिन्यातून एकदा कामाने अलिबागला आला की त्या दिवशी आसपास कुठे कीर्तन आहे ते त्याला माझ्याआधी ठाऊक असे. नागावच्या आमच्या देवळात बुवांच्या मागे उभा राहायचा, पांढरा सदरा, डोळे मिटलेले, आणि टाळ असा वाजवायचा की आवाजापेक्षा त्याचा विसावाच जास्त ऐकू यावा. बुवा थांबले की तोही थांबे, अर्धी मात्रा आधीच, जणू त्याला पुढचं कळलेलं असे. दुसऱ्या दिवशी फॅक्स लागताना मी रिसिव्हर उचलला की पलीकडून त्या मशीनची शिट्टी यायच्या आधी त्याचा आवाज यायचा, "बाई, ऐकलात का? ह्यो मशीन पांढरी चारला लागतंय. बुवांच्या पेटीला जुळंल." आणि खरंच, ती शिट्टी, मग ती खरखर, मग दोन मशीनचं एकमेकांना हुंकार देणं, मला ते कीर्तनाआधीच्या सूर लावण्यासारखं वाटायचं. पेटीवर बोट ठेवलंय, मृदंगाला कणीक लावतायत, कुणी खाकरतंय. मग कागद यायला लागे. मी उभी असे. ते महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते: मी उभी असे. पाठवायचा कागद असला तरी तो सगळा आत ओढला जाईपर्यंत आणि 'पोचला' म्हणून बारकी चिठ्ठी बाहेर पडेपर्यंत मशीनपाशी उभं राहायचं, ती चिठ्ठी कागदाला टाचायची, मग जागेवर बसायचं. सगळ्या ऑफिसात हीच शिस्त.

मग सर्व्हर आला. मुंबईला एक पेटी बसवली. सगळ्या शाखांचे फॅक्स तिच्यात जायचे आणि तिथून मेल होऊन आपापल्या कॉम्प्युटरवर यायचे. आपण पाठवायचं तरी मेल लिहायचा, नंबर घालायचा, पाठवा म्हणायचं. पेटी त्याचा फॅक्स करून पलीकडची घंटी वाजवी. रोल गेला, शिट्टी गेली, स्टूल गेलं. सदूभाऊकडे मात्र मशीनच राहिलं. मी त्याला कौतुकाने सांगितलं, "आता काही फिकं होणार नाही. तुम्ही पाठवलेलं सगळं माझ्या मशीनमध्ये राहील, जसंच्या तसं." तो म्हणाला, "कोरं पन?" "कोरं पण." "आरं तिच्या," तो म्हणाला, "मंग तर देवाच्या वहीवानी झालं." आणि पाठवायचं बटण दाबलं की उभं राहायची गरज उरली नाही. दाबलं की वळायचं, चहाला जायचं. आठवड्याभरातच पायांची ती सवय सुटली. कधी कुणाचा नंबर चुकला, लाइन बंद निघाली, की सर्व्हर 'पोचला नाही' असा मेल धाडी. असे इतके यायला लागले की मुख्य पेटी भरून जाई, म्हणून ते आपोआप एका बाजूच्या पेटीत जातील अशी सोय मी करून घेतली. ती पेटी अठरा-वीस दिवसांनी कधीतरी उघडायची, नंतर तीही नाही.

आता ती सकाळ. बारा वर्षांपूर्वीची, कार्तिकातली. आदल्या शुक्रवारी आगरदांड्याचं मशीन बदललं होतं. जुन्या मशीनमध्ये कागद पालथा घालायचा, लिहिलेली बाजू खाली. नव्यात लिहिलेली बाजू वर. माणूस दुपारी मशीन बसवून गेला, सदूभाऊ तेव्हा भरतीच्या कामावर टोकाला. तेव्हा हे त्याला सांगायचं काम माझं. मी मेल लिहिला, त्याच्या नंबरावर पाठवला आणि घरी गेले. शनिवारी कोरा आला, रविवारी कोरा आला, सोमवारी कोरा आला. वारा गप, पाणी गप. मंगळवारी पहाटेपासून आमच्या वाडीत झावळ्यांचा आवाज होता, पण नागावला वारा असतोच. आठ वाजून दोन मिनिटांनी फॅक्स आला. स्क्रीनवर लहानसं पान दिसलं, पांढरं. कोरा. मी रेवसला 'सोडा' कळवलं. साडेअकराला आगरदांड्याच्या तोंडाशी वाऱ्याने बार्ज फिरली आणि धक्क्यावर आदळली, आणि दोर टाकायला पुढे आलेला बार्जवरचा तांडेल भागोजी मधे सापडला. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सदूभाऊला उभं केलं होतं. त्याच्या हातात एक कागद होता, निळ्या मार्करने लिहिलेला. "मी लिवून धाडलं व्हतं साहेब. हेच धाडलं." साहेब माझ्याकडे वळले. "पद्माबाई, सकाळी काय आलं?" मी म्हटलं, "कोरा आला, साहेब." सदूभाऊने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या पदाचे शब्द आपण चुकीचे ऐकले की काय, असं माणूस पाहतो तसं. "हा कागद तू नंतर लिहिलास," साहेब म्हणाले. "माळेवर हात ठेवून सांगतो." "माळेचं मला सांगू नकोस. काकड आरतीहून उशिरा आलास म्हणून वारा-पाणी न बघताच कोरा सरकवलास, असं सगळा धक्का म्हणतोय." कार्तिकातली काकड आरती तो एक दिवस चुकवत नसे, हे सगळ्यांना माहीत; त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. मला? मला वाटलं, माणूस आहे, घाईत होतं. मी जे दिसलं तेच सांगितलं होतं. तुमची चिठ्ठी मिळाली का, हे मी त्याला विचारलं नाही. बटण दाबलं होतं, म्हणजे मिळालीच. त्याला कामावरून काढलं. सहा वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा बातमी आली, आणि त्या दिवशी ऑफिसात हिशेबनीस येणार होते, असं कारण काढून मी गेले नाही.

तर हेतलचा मेल आला त्या मंगळवारी मी पेटी उघडली. का उघडली? खरं सांगते, सदूभाऊच्या आठवणीसाठी त्याचे दोन-चार कोरे जपावेत असं वाटलं. म्हातारपणी माणसं काहीही जपतात. कोऱ्यांची रांगच रांग होती. पांढरी पानं, वर तारखा. मी त्या तारखेवर आले, कार्तिकातल्या. बारा वर्षांत ते पान मी मोठं करून उघडलंच नव्हतं. कोऱ्यात काय उघडायचं? ते उघडलं आणि मोठं केलं. मोठं केल्यावर त्यावर ठिपके दिसले, बुक्क्याची चिमूट सांडावी तसे. मला वाटलं स्क्रीनवर धूळ आहे, पदराने पुसली. ठिपके गेले नाहीत. ते ओळीत होते. मी पान छापलं, तर कागदावरही ठिपके. का कोण जाणे, मी तो कागद उलटा करून खिडकीच्या काचेवर धरला, ऊन मागून येईल असा. आणि वाळूवरून खेकडा चालत आला.

वारा फिरला. पाणी चढतंय. बारज सोडू नका. सदू.

जाड मार्करची शाई कागदाच्या पाठीवर झिरपली होती. नव्या मशीनने पाठ वाचली होती. मी काचेशी तशीच उभी राहिले, हात वर, मस्तकावर कुणी पाणी ओतल्यासारखी. खाली रस्त्यावर कुणी तरी रिक्षावाल्याशी घासाघीस करत होतं, ते सगळं शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. मग मी बसले, आणि बसल्याबसल्या बाजूची पेटी उघडली. त्या शुक्रवारची तारीख. 'तीन वेळा प्रयत्न केला. पलीकडून उत्तर नाही. पोचला नाही.' खाली माझी चिठ्ठी, माझ्याच शब्दांत: सदूभाऊ, नव्या मशीनमध्ये कागद तोंड वर करून घाला, जुन्यासारखा पालथा नको. कार्तिकातल्या कीर्तनाला येताय ना? — पद्मा. ती मी पाठवली तेव्हा तिकडे तो माणूस लाइन काढून मशीन बसवत असणार. तीन दिवस कोरे आले म्हणून काही कळलंच नाही. कोरा कागद उलटा घाला नाही तर सुलटा, कोराच. ज्या सकाळी त्याने नव्या मशीनसाठी पहिल्यांदा काही लिहिलं, त्याच सकाळी ते चुकलं. आमच्या लाडक्या रिवाजाने त्याला गिळलं.

ती चिठ्ठीही मी छापली आणि दोन्ही कागद पर्समध्ये घातले, एक एका कप्प्यात, एक दुसऱ्या. गुरुवारी रजा टाकून एसटीने निघाले. काशीदच्या घाटात बस वळणं घेत होती आणि मी मनातल्या मनात ठरवत होते: पहिला कागद दाखवायचा. सदू निर्दोष आहे हे त्यातून कळतंच. दुसरा कशाला? शुक्रवारी पेटी पुसली जाईल. हेतलला काय ठाऊक, साहेब तर कधीच निवृत्त होऊन पुण्याला गेले. मार्चमध्ये मला शाल-श्रीफळ मिळेल, चार जण चार बरे शब्द बोलतील. मशीन बदललं, कुणी सांगितलं नाही, झालं. 'कुणी' हा किती सोयीचा शब्द आहे हो. मी तो सबंध घाटभर घोळवला.

सदूची बायको काशी अंगणात सुकट वाळवत होती. मला तिने ओळखलं नाही. नाव सांगितलं तेव्हा हातातलं सूप खाली ठेवून उभी राहिली. "बाई? अलिबागच्या बाई?" मी खिडकीतल्यासारखा कागद उलटा करून उन्हात धरला. तिला वाचता येत होतं थोडं. ओठ हलवत तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं. शेजारच्या ओट्यावरून कुबडी टेकत एक माणूस आला, आणि मी पायाकडे पाहिलं, मग वर. भागोजी. त्याच्या हातात काशीने कागद दिला. "म्हंजे उलटा घातला?" तो म्हणाला. "उलटा कागद? एवढ्यापायी माजा पाय?" भागोजी खाली बसला. "दर शनवारी यायचा माझ्याकं," तो कागदाकडे बघत म्हणाला. "ओट्यावर बसायचा. मी म्हनायचो, काकड आरती झाली का रं? ऊठ इथनं. कुत्र्यावानी हाकलला मी त्याला, आन्‌ पुढल्या शनवारी परत यायचा."

काशीने आत जाऊन चहा ठेवला. भांड्यांचे आवाज आले, मग बराच वेळ आले नाहीत. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. "मला दाखवायची गरज नव्हती, बाई," ती म्हणाली. "मी त्याच्यासंगं तीस वर्सं काढली. मला ठावं व्हतं. पन तुमी आलात ते बरं केलंत. त्याचा तुमच्यावर लई भरोसा." "माझ्यावर?" "तर! माळ उतरवून ठेवली त्यानं. टाळ सोडला. म्हनायचा, लोकं माझ्या गळ्याकं बघून हसतात, देवाला कमीपना नको. पन रोज संध्याकाळी इचारायचा, बाईंचा फोन आला काय? मी म्हनायची, कशाला येतोय? तर म्हनायचा, येईल. बाईंच्या मशीनमधी सगळं ऱ्हातं. कवातरी बाई बघतील." तिने माझ्यापुढे बशी सरकवली. "आन्‌ बघा, बघितलंत की नाय. देवमानूस हो तुमी. आज देवळात कीर्तन हाय, गणराजबुवांचं. जाऊ नका, ऱ्हावा."

चहा गोड होता, वेलची घातलेला. मी तो प्याले. देवमानूस. पर्सच्या दुसऱ्या कप्प्यावर माझी बोटं होती आणि ती उघडत नव्हती. सहा वर्षं तो माणूस संध्याकाळी विचारत होता आणि ते पान माझ्या टेबलापासून दोन बोटांवर होतं. उघडायला किती वेळ लागला? चहा निवण्याइतका. बारा वर्षांत मी किती कीर्तनं ऐकली, किती वेळा डोळे पुसले, प्रसाद घेऊन घरी आले आणि म्हटलं, आज फार छान झालं.

देऊळ खाडीच्या चढावर आहे, लहानसं. साडेपाचला बुवा उभे राहिले तेव्हा ऊन अजून दारात होतं. गणराजबुवा तरुण आहेत, आवाज मोकळा, आणि पूर्वरंग त्यांनी असा रंगवला की एरवी मी स्वतःला विसरले असते. विसरता येईना. मी टाळकऱ्यांकडे बघत होते. दोघे उभे होते, मधे एका माणसाची जागा सोडून. मुद्दाम नसेल. मध्यंतराला बुवांच्या गळ्यात हार घातला, बुक्का लावला, सगळे नाम म्हणत होते, आणि एक जण उत्सवाच्या सूचना सांगायला उठला. त्याचं संपलं आणि मी उठले. मी कधी चार माणसांत बोललेली बाई नव्हे. काशी माझ्या शेजारी होती. तिला वाटलं मी सदूच्या बाजूने बोलायला उठले, आणि तिने माझ्या हाताला हलकेच आधार दिला. त्या हाताची ऊब मला अजून इथे, मनगटापाशी जाणवते.

पहिला कागद मी दाखवला. लोक पुढे झाले, हातोहात फिरला, कुणी तरी 'अरेरे' म्हणालं. मग मी दुसरा काढला. "हा मी काशीबाईंना दाखवला नाही," मी म्हटलं. "मशीन बदललं हे सदूभाऊला सांगायचं काम माझं होतं. चिठ्ठी पोचली नाही असं मला त्याच दिवशी कळवलेलं होतं. मी बघितलं नाही. चौकशीत त्यांना विचारलंसुद्धा नाही. आणि हे आज दुपारी अंगणात सांगता येत असून सांगितलं नाही, चहा पिऊन आले." एवढंच.

काशीचा हात माझ्या मनगटावरून कधी निघाला ते कळलं नाही. ती उठली. लुगडं सारखं केलं. माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ती काही बोलेल, शिव्या देईल, मी त्या घ्यायला तयार होते. ती म्हणाली, "सहा वर्सं इचारत व्हता ओ." आणि बायकांमधून वाट काढत, कुणाच्या पायाला पाय लागला तर तिथे हात लावून नमस्कार करत, ती दाराबाहेर गेली. चढावरून उतरताना तिची पाठ दिसली, मग ती दिसेनाशी झाली. बुवा चिपळ्या हातात धरून तसेच उभे, काय करावं ते न कळून. मग पुरुषांच्या बाजूने, कुबडी फरशीवर आपटून, भागोजी बोलला. "बुवा, थांबता काय? म्हना पुढं. सदूच्या नावानं म्हना." त्याचा आवाज रागीटच होता. "मोठ्यानं म्हना. खाली वाडीवर ऐकू गेलं पायजे."

बुवांनी म्हटलं. मी दारापाशी उभी राहून ऐकलं, शेवटपर्यंत. बसायला माझी जागा होती, पण बसवेना.

याला आता चार महिने झाले. मी काशीला दोन पत्रं लिहिली, पोस्टाने. उत्तर नाही. पुन्हा जाणार आहे. ती दारात उभं करेल की नाही ते तिने ठरवायचं. माझ्यासाठी तुम्ही काही मागू नका. एवढंच करा: तुमच्या गावी कीर्तन होईल, आरतीआधी क्षणभर सगळे डोळे मिटून आपापल्या गेलेल्या माणसांना आठवतील, तेव्हा तुमच्या माणसांच्या शेवटी एक नाव घ्या. मनातल्या मनात नको, ओठांनी घ्या, शेजारच्याला ऐकू जाईल असं. सदू भिकू चोगले, आगरदांडा. तो खरं बोलला होता.